बर्डॉकवरचं संशोधन कसं वाचावं? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

बर्डॉकची मुळी रक्त शुद्ध करते, यकृताला बळ देते, सांधेदुखी घालवते, मुरुमं घालवते, कर्करोगावरसुद्धा चालते. असे दावे कॅप्सूलच्या डब्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये सर्रास दिसतात. खाली बारीक अक्षरात 'संशोधनाने सिद्ध' असंही छापलेलं असतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्यामागे एखादा खरा शोधनिबंध असतोच. पण निबंधात तपासलेलं असतं फळ आणि डबीत असते मुळी. निबंधात उंदीर असतात आणि डबी आपल्या आईसाठी मागवलेली असते. हे अंतर स्वतः मोजता यावं म्हणून हा लेख आहे. विज्ञानाची पदवी नसली तरी चालेल, वही-पेन मात्र जवळ ठेवा.

पायरी १ : झाड पक्कं करा

बर्डॉकचं शास्त्रीय नाव आर्क्टियम लॅपा. सूर्यफूल, शेवंती, झेंडू ज्या कुळात येतात त्याच अ‍ॅस्टरेसी कुळातलं हे झाड मूळचं युरोप आणि आशियाच्या थंड भागातलं. त्याचं आयुष्य दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी जमिनीलगत मोठाली पानं पसरतात आणि खाली एकच लांब, सरळ मुळी उतरते. दुसऱ्या वर्षी माणसाच्या उंचीचा दांडा येतो, जांभळी फुलं येतात आणि आकडेदार बोंडं धरतात. खाण्यासाठी मुळी दांडा येण्याआधीच काढतात, कारण नंतर ती लाकडासारखी कडक होते. जपानमध्ये हीच मुळी 'गोबो' नावाने रोजच्या भाजीत असते. चीनमध्ये तिच्या फळाला औषधात जास्त मान आहे. भारतात हे झाड काश्मीर-हिमाचलच्या उंच भागात सापडतं. आपल्या सह्याद्रीत किंवा देशावर ते रानात उगवत नाही.

हे इतकं सविस्तर सांगतोय ते एका धोक्यामुळे. आपल्याकडे ओढ्याकाठी, पडीक रानात शंकेश्वर माजतो. काही भागांत त्याला घागरा म्हणतात. त्याची आकडेदार फळं गुरांच्या शेपटीला आणि आपल्या कपड्यांना चिकटतात. इंटरनेटवर बर्डॉकच्या बोंडाचा फोटो बघून 'हे तर आपल्या बांधावर आहे' असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण शंकेश्वर म्हणजे झँथियम स्ट्रुमेरियम. कुळ तेच, झाड पूर्ण वेगळं आणि विषारी. त्याच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत कार्बॉक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं आणि ते यकृतावर घाला घालतं. २००७ साली बांगलादेशात सिल्हेट भागात अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १९ जणांचा जीव गेला. तेव्हा रानातून काही उपटून आणून प्रयोग करायचा नाही.

पायरी २ : झाडाचा कोणता भाग, हे विचारा

माझ्या मते संपूर्ण वाचनातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न हाच. बर्डॉक हे औषध म्हणून एक नाही, निदान तीन आहेत.

मुळीत मुख्यतः इन्युलिन असतं. हे एक प्रकारचं तंतुमय कर्बोदक. ते आपल्या लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतं. सोबत क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्या जातकुळीतली पॉलिफेनॉल असतात. गोबो चिरला की वांग्यासारखा भराभर काळा पडतो तो याच पॉलिफेनॉलांवर हवा आणि विकर यांची क्रिया झाल्यामुळे. जपानी घरांत चिरलेले तुकडे लगेच पाण्यात किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात टाकतात. रंग टिकतो, पण थोडी पॉलिफेनॉल त्या पाण्यात उतरून ओतली जातात. म्हणजे एकाच मुळीची भाजी, काढा आणि अर्क यांत उतरणारी द्रव्यं सारखी नसतात.

फळात, ज्याला बाजारात 'बी' म्हणतात, आर्क्टिइन आणि आर्क्टिजेनिन ही लिग्नान वर्गातली द्रव्यं भरपूर असतात. मुळीत ती फळाच्या मानाने फारच कमी. आर्क्टिइन म्हणजे साखरेचा रेणू जोडलेलं आर्क्टिजेनिन. आतड्यातले जिवाणू ती साखर तोडतात आणि आर्क्टिजेनिन मोकळं होतं. चिनी वैद्यकात घसादुखी, ताप आणि पुरळ यांवर वापरतात ते हे फळ.

पानांत ऑनोपॉर्डोपिक्रिन नावाचं कडू द्रव्य असतं. जिवाणूविरोधी गुणांसाठी पानांचे अर्क तपासले गेलेत, पण बाजारात पानांची उत्पादनं कमीच.

वहीत तीन रकाने आखा: मुळी, फळ, पान. यापुढे वाचलेला प्रत्येक निष्कर्ष यांपैकी एकाच रकान्यात टाकायचा. फळाचा निष्कर्ष मुळीच्या रकान्यात सरकवायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

पायरी ३ : मूळ निबंध गाठा

पबमेड हे वैद्यकीय शोधनिबंध शोधण्यासाठीचं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ आहे आणि फुकट आहे. शोधाच्या चौकटीत झाडाचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाका. नुसतं 'बर्डॉक' टाकलंत तर त्या आडनावाचे लेखकही यादीत येतील. डाव्या बाजूच्या गाळण्यांमधून (फिल्टर) 'यादृच्छिक नियंत्रित चाचणी' (रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना करणारी, इंग्रजीत Randomized Controlled Trial) आणि 'पद्धतशीर आढावा' (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा, Systematic Review) हे प्रकार निवडले की लांबलचक यादी एकदम आखूड होते. ती किती आखूड होते हे डोळ्यांनी बघा. बर्डॉकवर लिहिलं पुष्कळ गेलंय, माणसांवर तपासलं मोजकंच.

सगळे निबंध पूर्ण वाचायला मिळत नाहीत. निदान सारांश मिळतो आणि बरेच निबंध पबमेड सेंट्रलवर पूर्ण उघडतात. कोपऱ्यात 'मागे घेतलेला' असा शिक्का नाही ना, एवढं आधी बघून घ्या. भारतात एखादी चाचणी चालू आहे का, हे सीटीआरआय या आपल्या राष्ट्रीय नोंदवहीत शोधता येतं.

पायरी ४ : प्रयोग कशावर झाला?

परीक्षानळी, पेशी, उंदीर, माणूस. या क्रमाने पुरावा वजनदार होत जातो, हे तुम्ही ऐकलं असेल. बर्डॉकच्या बाबतीत हा सगळा प्रवास एका खऱ्या उदाहरणात दिसतो, म्हणून इथे जरा थांबू.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ विचित्र असते. तिला रक्तपुरवठा अपुरा, तरी तिच्या पेशी उपाशीपोटी तगून राहतात. जपानी संशोधकांनी विचार केला की या उपाशी तगण्याच्या ताकदीवरच घाव घालणारं द्रव्य शोधावं. त्यांनी वनस्पतींचे अर्क तपासले आणि २००६ साली 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात आर्क्टिजेनिनबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. पँक-१ या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींना पोषक द्रव्यं काढून घेतलेल्या द्रवात ठेवलं आणि आर्क्टिजेनिन दिलं तर त्या मरत होत्या. भरपूर पोषण असलेल्या द्रवात मात्र तो परिणाम फारसा दिसत नव्हता. उंदरांत लावलेल्या गाठींची वाढही रोखली गेली. कल्पना सुंदर आणि प्रयोग नेटका.

डबीवरचं वाक्य नेमकं इथून उचललं जातं. पण कहाणी पुढे जाते. त्याच देशात फळाचा आर्क्टिजेनिनयुक्त अर्क 'जीबीएस-०१' या नावाने बनवला गेला आणि जेमसिटाबिन या औषधाला दाद न देणाऱ्या, बळावलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १५ रुग्णांना दिला गेला. निकाल २०१६ साली 'कॅन्सर सायन्स'मध्ये आले. रोज १२ ग्रॅमपर्यंत मात्रा देऊनही ती थांबवावी लागेल असा गंभीर त्रास दिसला नाही. एका रुग्णाची गाठ निकषांत बसेल इतकी लहान झाली, चौघांचा आजार काही काळ स्थिर राहिला. आजार वाढल्याशिवाय गेलेला मध्यक काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) १.१ महिने होता आणि जगण्याचा मध्यक काळ ५.७ महिने.

आता हे आकडे कसे वाचायचे? ही पहिल्या टप्प्याची चाचणी होती. तिचं काम सुरक्षित मात्रा ठरवण्याचं. तुलनेला दुसरा गट नव्हताच, म्हणून ५.७ महिने अर्कामुळे मिळाले की तसेही मिळाले असते, हे या चाचणीतून सांगता येत नाही. पेशी मरतात इथपासून १५ रुग्णांपर्यंत यायला दहा वर्षं लागली, आणि तिथेही उत्तर आलं ते 'देऊन बघता येईल' इतकंच. शिवाय हे सगळं फळाच्या, प्रमाणित केलेल्या अर्काचं. मुळीच्या चहाला यातलं काहीच लागू होत नाही. असं असूनही हे संशोधन मला मोलाचं वाटतं. एक झाड प्रामाणिकपणे पायऱ्या चढताना कसं दिसतं, ते इथे दिसतं.

पायरी ५ : माणसांवरची चाचणी आतून उघडून बघा

इराणमध्ये तब्रीझला झालेली एक चाचणी सरावासाठी उत्तम आहे. गुडघ्याच्या संधिवाताचे ५० ते ७० वयाचे ३६ रुग्ण घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला दिवसातून तीन कप बर्डॉक मुळीचा चहा, प्रत्येक कपात १५० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम मुळी. दुसऱ्या गटाला तितकंच उकळलेलं पाणी. दोन्ही गटांची पॅरासिटामॉल आणि ग्लुकोसामाइन ही नेहमीची औषधं चालूच. मुदत ४२ दिवस. चहा घेणाऱ्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि एचएस-सीआरपी ही दाह दाखवणारी मोजमापं उतरली, शरीराची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारी काही मोजमापं सुधारली.

वहीत चार प्रश्न लिहा आणि उत्तरं स्वतः शोधा.

किती माणसं? ३६, म्हणजे गटात साधारण अठरा. एचएस-सीआरपी साध्या सर्दीने किंवा किडक्या दाढेनेही वर जातं. इतक्या छोट्या गटात दोघा-तिघांची सर्दी बरी झाली तरी सरासरी हलते.

कोण काय घेतंय, हे रुग्णांना कळत होतं का? कळणारच. चहाला रंग आहे, मातकट चव आहे. साध्या पाण्याला नाही. आपण औषध घेतोय हे माहीत असलेला माणूस खाण्यापिण्याकडेही लक्ष देऊ लागतो.

काय मोजलं? रक्तातले आकडे. ते कमी झाले म्हणून जिना चढताना गुडघा कमी दुखेल, असं गृहीत धरता येत नाही. या निबंधाचा भर दाहाच्या खुणांवर आहे.

किती दिवस? सहा आठवडे. संधिवात वर्षानुवर्षांचा आजार.

म्हणून ही चाचणी टाकाऊ ठरते का? अजिबात नाही. भाग स्पष्ट, मात्रा स्पष्ट, तुलनेला गट आहे. दुसऱ्या कुणी दोन-तीनशे रुग्णांवर, चवीला आणि दिसायला तसाच असणारा फसवा चहा देऊन ती पुन्हा करावी अशा दर्जाची आहे. त्या मोठ्या चाचणीवाचून 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणणं मात्र चूक.

आता हीच फूटपट्टी भारतातल्या एका अभ्यासाला लावा. २०१४ साली मुरुमांच्या तीसेक रुग्णांना होमिओपॅथिक आर्क्टियम लॅपा देऊन केलेलं निरीक्षण प्रसिद्ध झालं आणि मुरुमं कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. तुलनेला गट नाही. तरुणपणीची मुरुमं आपोआपही चढ-उतार करतात आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. शिवाय होमिओपॅथीच्या उच्च विरलतेत झाडाचा रेणू उरण्याची शक्यताच नसते. तेव्हा मुळीच्या कॅप्सूलसाठी हा पुरावा म्हणून दाखवला तर तो ग्राह्य धरू नका.

पायरी ६ : मात्रेचं गणित मांडा

प्राण्यांवरच्या निबंधात मात्रा 'प्रति किलो वजन' अशी असते. ती थेट आपल्या वजनाने गुणायची नाही. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो, म्हणून छोटा पांढरा उंदीर म्हणजे माउस असेल तर मात्रेला साधारण १२.३ ने, मोठा उंदीर म्हणजे रॅट असेल तर ६.२ ने भागायचं, असा ढोबळ नियम आहे. उदाहरण करून बघा. समजा छोट्या उंदराला किलोमागे ३०० मिलिग्रॅम अर्क दिला. भागल्यावर किलोमागे सुमारे २४ मिलिग्रॅम येतात. ६० किलोच्या माणसाला रोज दीड ग्रॅमच्या आसपास अर्क. अर्क म्हणतोय, मुळीची पूड नव्हे. एक ग्रॅम अर्काला किती ग्रॅम मुळी लागली, ते निबंधात किंवा डबीवर शोधा. नसेल, तर तुलना करण्याचा प्रयत्न तिथेच सोडा.

पेशींवरच्या प्रयोगाला आणखी एक मेख आहे. बशीत द्रव्य थेट पेशीवर पडतं. तोंडाने घेतलेलं आर्क्टिजेनिन मात्र शरीर झपाट्याने ग्लुकुरोनाइड या वेगळ्या रूपात बदलतं. रक्तात मोकळं द्रव्य किती पोचलं, हे मोजलेलं नसेल तर बशीतला निकाल तुमच्यापर्यंत पोचला असं समजू नका.

पायरी ७ : 'परंपरेने सिद्ध' याचा खरा अर्थ

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने बर्डॉकच्या मुळीला मान्यता दिली, असं वाक्य जाहिरातींत येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. एजन्सीच्या वनौषधी समितीने मुळीची नोंद 'पारंपरिक वापर' या सदरात केली आहे: लघवीच्या किरकोळ तक्रारींत लघवीचं प्रमाण वाढवायला, तात्पुरती भूक मंदावली तर, आणि तेलकट कोंडा किंवा खपल्यांच्या त्वचाविकारात. या सदरात यायला किमान ३० वर्षांचा वापर, त्यातली किमान १५ वर्षं युरोपीय संघात, आणि सुरक्षिततेबाबत पुरेशी खात्री लागते. परिणाम चाचण्यांनी सिद्ध झालेला असण्याची अट नसते. यादीत मधुमेह नाही, कर्करोग नाही. १८ वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हे देण्याची शिफारस समिती करत नाही.

परंपरेच्या नावावर काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण कॅनडातलं आहे. १९२२ पासून रेने केस या परिचारिकेने 'एसिअ‍ॅक' नावाचा चार वनस्पतींचा काढा कर्करोगाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. त्यात बर्डॉकची मुळी आहे. हा काढा आजही विकला जातो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या ५१० स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतल्या काढा घेणाऱ्यांना जगण्याच्या दर्जात किंवा मनःस्थितीत फायदा आढळला नाही. त्याच वर्षीच्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात या काढ्याने स्तन-कर्करोगाच्या पेशींची वाढ उलट वाढलेली दिसली. तोही बशीतलाच निकाल, त्याला पायरी ४ चाच नियम. पण घरात कुणाला हा आजार असेल तर 'नुकसान तर नाही ना' म्हणून असले काढे सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पायरी ८ : डबी हातात घेऊन वाचा

झाडाचं शास्त्रीय नाव, भाग, पूड की अर्क, एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम, बॅच क्रमांक. यांतलं एक जरी नसेल तर डबी परत ठेवा. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक अन्न म्हणून विक्रीचा असतो, रोग बरा होण्याची हमी नसतो. कर्करोग किंवा मधुमेह बरा करतो अशी जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मुळातच मना आहे. तसा दावा दिसला की उत्पादनाबद्दल आणखी काही तपासायची गरज उरत नाही.

केसांसाठीचं 'बर्डॉक तेल' हे बहुधा दुसऱ्याच एखाद्या तेलात मुळी भिजवून काढलेलं असतं, कारण मुळीत स्वतःचं तेल जवळपास नसतं. घटकांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा, पैसे त्याचे मोजताय.

परदेशात राहणाऱ्यांना जपानी किंवा कोरियन दुकानात ताजा गोबो सहज मिळतो. भाजी म्हणून खायला हरकत नाही. तंतू भरपूर आहे, पण सुरुवात थोड्याने करा, इन्युलिनने पोटात गॅस धरतो.

पायरी ९ : त्रास कुणाला होऊ शकतो

गाजरगवताने अंगाला खाज येणाऱ्यांनी आधी थांबावं. पुण्यात १९५० च्या दशकात नोंद झालेलं हे तण आता राज्यभर आहे आणि त्याच्यामुळे होणारा त्वचादाह गावोगावी दिसतो. गाजरगवत आणि बर्डॉक एकाच कुळातले. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते. बर्डॉकचा लेप लावून त्वचादाह झाल्याच्या आणि मुळी खाऊन तीव्र अ‍ॅलर्जी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

लघवी वाढवणारी, साखर कमी करणारी किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. विचारताना 'काहीतरी आयुर्वेदिक घेतोय' असं मोघम सांगू नका. नाव, भाग आणि मात्रा सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आवर्जून सांगा.

राहता राहिली भेसळ. १९७८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बर्डॉकच्या चहाने विषबाधा झाल्याची नोंद आली. तपासल्यावर चहात अ‍ॅट्रोपिन सापडलं. हे द्रव्य बर्डॉकमध्ये नसतंच. ते बेलाडोनासारख्या झाडांत असतं आणि वाळवलेली मुळी एकमेकींसारखी दिसते. म्हणून सुटी, बिनलेबलची मुळी घेऊ नका. चहा घेतल्यावर तोंड एकदम कोरडं पडलं, अंधुक दिसू लागलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, छाती धडधडू लागली, लघवी अडली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट न बघता रुग्णालय गाठा आणि उरलेला चहा पाकिटासकट सोबत न्या.